ठिणगी किती अंश आधी?

जयपूरला हिवाळ्यात जुन्या मोटारींची रॅली निघते. राजपुताना ऑटोमोटिव्ह स्पोर्ट्स कार क्लब ती भरवतो. लोक पितळी दिवे, चामड्याच्या गाद्या आणि दारांवरची संस्थानी चिन्हं यांचे फोटो काढण्यात रमलेले असतात. पण तिथे एखादी जुनी रोल्स-रॉइस आली असेल तर आधी तिच्या स्टीअरिंगच्या मध्याकडे बघावं. तिथे बोटभर लांबीची एक तरफ असते. ती ज्या कमानीवरून सरकते तिच्या एका टोकाला ‘अर्ली’ आणि दुसऱ्या टोकाला ‘लेट’ असं कोरलेलं असतं. इंजिनातली ठिणगी लवकर पाडायची की उशिरा, हे त्या काळी चालकाने हाताने ठरवायचं होतं. फोर्डच्या मॉडेल टी गाडीतही स्टीअरिंगच्या डावीकडे ठिणगीची तरफ आणि उजवीकडे ॲक्सिलरेटरची, अशी व्यवस्था होती. हँडल मारून गाडी सुरू करण्याआधी ठिणगीची तरफ ‘लेट’कडे न्यायला विसरलं, तर इंजिन उलटा झटका देई आणि हँडलवरच्या माणसाचं मनगट मोडे.

गाडी वेग घेऊ लागली की तरफ पुढे न्यायची, चढावर इंजिन कुरकुरलं की थोडी मागे घ्यायची. चांगला ड्रायव्हर कोण, हे त्याच्या कानावरून आणि या तरफेवरच्या अंगठ्यावरून ठरे. आजच्या गाडीत ती तरफ कुठेच दिसत नाही, पण तिचं काम मिनिटाला हजारो वेळा चालू असतं. आधी ते माणसाच्या हातात होतं, मग वजनं आणि स्प्रिंगांकडे गेलं आणि शेवटी आकड्यांच्या एका तक्त्याकडे आलं. इंजिनाच्या टायमिंगची गोष्ट मला तरी या बदलत्या हातांची गोष्ट वाटते.

मुळात ठिणगी आधी पाडायची गरज का पडते? पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एका क्षणात भडकतं असा आपला समज असतो. प्रत्यक्षात प्लगच्या टोकाशी छोटी ज्योत सुरू होते आणि ती सिलिंडरभर पसरत जाते. याला साधारण दोन मिलिसेकंद लागतात असं धरू. जळलेल्या वायूचा दाब सर्वांत जास्त कधी हवा? पिस्टन वरच्या टोकाला पोचून नुकताच खाली वळलेला असताना, म्हणजे क्रँकशाफ्ट त्या टोकापुढे बारा-पंधरा अंश फिरलेला असताना. दाब त्याआधी चढला तर वर येणाऱ्या पिस्टनला तो उलटा रेटतो. फार उशिरा चढला तर पिस्टन खाली निघून गेलेला असतो आणि पेट्रोलची उष्णता चाकांकडे जाण्याऐवजी सायलेन्सरमधून बाहेर पडते. म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच काडी ओढावी लागते. या ‘आधी’लाच गॅरेजात ॲडव्हान्स म्हणतात आणि तो अंशांत सांगतात: वरच्या टोकाआधी आठ अंश, बावीस अंश, तीस अंश.

अंशच का? इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर रिकामं चालत असेल तर क्रँकशाफ्ट सेकंदाला ४,८०० अंश फिरतो, म्हणजे दोन मिलिसेकंदांत साडेनऊ अंश. तेच ३,००० फेऱ्यांवर सेकंदाला १८,००० अंश होतात आणि त्याच दोन मिलिसेकंदांत क्रँकचा प्रवास ३६ अंशांचा होतो. ज्योतीला लागणारा वेळ तोच, पण क्रँकच्या भाषेत तो जवळजवळ चौपट झाला. इंजिनाला घड्याळ कळत नाही, कोन कळतो. आपण मात्र मिलिसेकंदांत जळणारं पेट्रोल त्याच्या हवाली करतो. या दोहोंचा मेळ घालणं म्हणजे टायमिंग.

वेळ कोनात वाचायची रीत जयपूरला जुनीच आहे. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेल्या जंतर मंतरमधलं सम्राट यंत्र हे मोठं सूर्यघड्याळ आहे. त्याची तिरपी भिंत २७ अंशांवर, म्हणजे जयपूरच्या अक्षांशाइतकी कललेली आहे. तिची सावली दगडी कमानीवरून सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकताना डोळ्यांना दिसते. तिथे एक अंश म्हणजे चार मिनिटं, जुन्या हिशेबात दहा पळं. आपल्या गाडीच्या इंजिनात ३,००० फेऱ्यांवर एक अंश म्हणजे सेकंदाचा अठरा हजारावा भाग.

पण जंतर मंतरमधली खरी शिकवण मापनाच्या पुढची आहे. सावली कितीही नेमकी वाचली तरी ती मनगटावरच्या घड्याळाशी जुळत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची आहे आणि जयपूर आहे ७५.८ अंशांवर. तेवढ्यानेच सुमारे २७ मिनिटांचा फरक पडतो. शिवाय पृथ्वीच्या तिरक्या आसामुळे आणि लंबवर्तुळाकार कक्षेमुळे तारखेप्रमाणे आणखी काही मिनिटं, कधी पंधरा-सोळापर्यंत, कमी-जास्त होतात. म्हणून आधी कोन मोजायचा आणि मग त्या दिवसाची दुरुस्ती तक्त्यातून काढून त्यात मिळवायची. जाता जाता सांगतो, जयसिंगाच्या पदरी असलेला ज्योतिषी जगन्नाथ सम्राट हा मराठी ब्राह्मण. त्याने युक्लिडची भूमिती अरबीतून ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली आणि टॉलेमीच्या ग्रंथावरून ‘सम्राट सिद्धान्त’ रचला. मोजलेला कोन आणि त्यावर तक्त्यातली दुरुस्ती, ही जोडी लक्षात ठेवा. आजच्या गाडीतला संगणक याहून वेगळं काही करत नाही.

संगणक यायच्या आधी हे काम डिस्ट्रिब्युटर नावाची मूठभर डबी करत होती. ती आपल्या चांगल्या ओळखीची आहे. चितोडच्या राणीचं नाव मिरवणारी प्रीमियर पद्मिनी राजस्थानात नव्हे, कुर्ल्यात बनली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्या टॅक्सी म्हणून मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावल्या. पद्मिनीचं बॉनेट ज्याने उघडून पाहिलंय त्याला काळ्या बेकेलाइटची टोपी आणि तिच्यातून निघालेल्या पाच जाड वायरी आठवतील. मधली वायर कॉइलकडून येते, बाकीच्या चार चार प्लगांकडे जातात.

या डबीचा शाफ्ट कॅमशाफ्टवरून चालतो आणि क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. कारण चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदाच पेटतो. शाफ्टवर चार कोपऱ्यांचा एक कॅम असतो आणि प्रत्येक कोपरा आला की तो सीबी, म्हणजे कॉन्टॅक्ट ब्रेकर, पॉइंटची जोडी उघडतो. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून बॅटरीचा करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की करंट तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेटोळ्यांत पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब उभा राहतो. तो मधल्या वायरीने टोपीत येतो आणि फिरता रोटर ज्या खुंटीसमोर असेल तिकडे उडी मारतो. क्रम असतो १-३-४-२. पॉइंटच्या शेजारचा छोटा कंडेन्सर तुटणारा करंट क्षणभर पोटात घेतो, म्हणून पॉइंटवर जाळ होत नाही आणि करंट झटक्यात तुटतो. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची ही मांडणी अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या कॅडिलॅकसाठी रूढ केली आणि पुढची साठ-सत्तर वर्षं जगाने ती जवळजवळ तशीच वापरली.

त्या डबीत करंट तोडणं आणि वाटणं ही दोन कामं झाली. तिसरं काम तरफेचं, आणि मला तेच सर्वांत हुशार वाटतं. कॅमच्या खाली स्प्रिंगांनी बांधलेली दोन वजनं असतात. शाफ्टचा वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि कॅमला फिरण्याच्या दिशेने थोडं पुढे ढकलतात. पॉइंट लवकर उघडतात, ॲडव्हान्स वाढतो. पण तो वाढतच गेला तर? वर धरलेल्या हिशेबाने ६,००० फेऱ्यांवर ज्योतीलाच बहात्तर अंश लागतील. तेवढे लागत नाहीत, कारण वेगाबरोबर सिलिंडरात शिरणाऱ्या हवेची घुसळण वाढते आणि ज्योतही अधिक वेगाने पसरते. म्हणून तीस-पस्तीस अंशांच्या आसपास वजनं एका खुंटीला टेकून थांबतात. अनेक इंजिनांत दोन स्प्रिंगांपैकी एक पातळ आणि एक जाड असते ती याचसाठी: आधी ॲडव्हान्स भरभर वाढावा, मग सावकाश. दोन स्प्रिंगा आणि एक खुंटी, झाला आलेख.

ॲम्बेसेडरसारख्या गाड्यांच्या डिस्ट्रिब्युटरला बाजूने एक चपटी डबीही असते आणि तिला कार्ब्युरेटरकडून आलेली बारीक नळी जोडलेली असते. ॲक्सिलरेटर अर्धवट दाबलेला असताना सिलिंडरात मिश्रण विरळ असतं आणि विरळ मिश्रण सावकाश जळतं. त्या वेळी नळीत व्हॅक्युम जास्त असतो. तो डबीतला पडदा ओढतो आणि पॉइंटची पाटी सरकवून आणखी काही अंश मिळवून देतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॅक्युम पडतो आणि हे जादा अंश परत घेतले जातात. म्हणजे वेग आणि भार, या दोन गोष्टी त्या यंत्राला कळत होत्या. तिसरी कळत नव्हती. बाहेर पारा पंचेचाळिसावर गेलाय, इंजिन तापलंय किंवा पंपावर हलकं पेट्रोल मिळालंय, हे त्याला कोण सांगणार?

ते मिस्त्री सांगत असे. टायमिंग लावायची त्याची पद्धत बघण्यासारखी होती. एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा धरायचा, हेल्परने क्रँक हळूहळू फिरवायचा. आतून हवा अंगठा उडवू लागली की कॉम्प्रेशन आलं. मग क्रँकच्या पुलीवरची खूण टायमिंग कव्हरवरच्या टोकाशी, कंपनीने सांगितलेल्या अंशांवर, आणायची. डिस्ट्रिब्युटरच्या गळ्यातला बोल्ट सैल करायचा. कॉइलची पॉइंटकडची वायर आणि बॉडी यांमध्ये एक छोटा बल्ब जोडायचा आणि इग्निशन चालू करून सगळी डबी केसाकेसाने फिरवायची. पॉइंट मिटलेले असेपर्यंत बल्ब विझलेला. ते उघडले की पेटतो. जिथे पेटला तिथेच बोल्ट आवळायचा. त्याआधी पॉइंटमधलं अंतर फीलर गेजने बघायचं, साधारण ०.४ मिलिमीटर. प्लगच्या गॅपसाठी अनेकांच्या खिशात हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा असे. त्याची जाडी सहा-साडेसहा दशांश मिलिमीटर, म्हणजे त्या काळच्या प्लगांना बरोबर पुरणारी. शेवटी एक फेरी मारायची, चढावर मुद्दाम वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबायचा आणि खडखड ऐकू आली तर डबी चिमूटभर मागे फिरवायची. या शेवटच्या परीक्षेत मापाचं एकही साधन नव्हतं. होता तो फक्त कान.

आणि एवढं करूनही टायमिंग टिकत नसे. पॉइंटच्या हाताला फायबरची टाच असते आणि ती कॅमवर घासते. टाच झिजली की पॉइंटमधलं अंतर कमी होतं, ते उशिरा उघडतात आणि गाडी रोज थोडी रिटार्ड होत जाते. मालकाला वाटतं इंजिन म्हातारं झालं. शाफ्टचा बुश सैल झाला तर शाफ्ट डगमगतो आणि चारही सिलिंडरांचं टायमिंग वेगवेगळं पडतं. दुसरी अडचण वेळेची होती. पॉइंट किती वेळ मिटलेले राहणार हे कोनात ठरलेलं. चार सिलिंडरच्या इंजिनात ८०० फेऱ्यांवर दर साडेसदतीस मिलिसेकंदांना एक ठिणगी लागते. त्यातले बावीसेक मिलिसेकंद कॉइलमधून करंट वाहत राहतो आणि ती उगाच तापते. ६,००० फेऱ्यांवर दोन ठिणग्यांमध्ये पाचच मिलिसेकंद उरतात, त्यातले तीन भरायला मिळतात आणि कॉइल जेमतेम भरते.

पहिली सुधारणा साधी होती: टाच काढा आणि न घासता कोन ओळखा. एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने १८७९ साली दाखवलं होतं की करंट वाहणाऱ्या पातळ पट्टीला आडवं चुंबकीय क्षेत्र लावलं तर पट्टीच्या दोन कडांमध्ये छोटं व्होल्टेज निर्माण होतं. जवळपास शंभर वर्षांनी ते ज्ञान डिस्ट्रिब्युटरमध्ये शिरलं. कॅमच्या जागी खिडक्या कापलेली पत्र्याची वाटी आली, एका बाजूला चुंबक आणि दुसऱ्या बाजूला हॉल सेन्सर. खिडकी समोर असली की क्षेत्र सेन्सरवर पडतं, पत्रा आला की अडतं. सेन्सरच्या चिपमधून स्वच्छ हो-नाहीचा संकेत निघतो आणि ट्रान्झिस्टर कॉइलचा करंट तोडतो. काही कंपन्यांनी हॉलऐवजी दातेरी चकती आणि चुंबकावर गुंडाळलेली तार वापरली. तिला वेगळी वीज लागत नाही, पण तिचं व्होल्टेज वेगावर अवलंबून असतं, त्यामुळे थंडीत अर्धमेली बॅटरी इंजिन हळू फिरवत असताना तिचा आवाज क्षीण होतो. हॉलचा संकेत क्रँक कितीही मंद फिरला तरी तेवढाच राहतो.

इथपर्यंत फक्त पॉइंट गेले होते. वजनं आणि व्हॅक्युमची डबी तशीच होती. अनेक गाड्यांना ‘इलेक्ट्रॉनिक इग्निशन’ म्हणत ते एवढंच होतं. दुरुस्ती अजून स्प्रिंगच करत होती.

खरी उडी पुढची. १९७९ साली बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीत बॉशची मोट्रॉनिक प्रणाली आली आणि पेट्रोलचं इंजेक्शन व ठिणगी ही दोन्ही कामं एकाच संगणकाने हाती घेतली. अशा गाड्यांत डिस्ट्रिब्युटर राहिला तरी तो फक्त वाटप्या म्हणून. किती अंश आधी, हे आता हा संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवतो आणि तेही तक्त्यात बघून. तक्त्याच्या एका बाजूला इंजिनाच्या फेऱ्या, दुसऱ्या बाजूला भार आणि प्रत्येक घरात अंशांचा एक आकडा. १,८०० फेऱ्या आणि मध्यम भार असेल तर चार शेजारच्या घरांमधून हिशेब करून मधला आकडा काढायचा. भार कळतो मॅनिफोल्डमधल्या दाबाच्या सेन्सरवरून, नाहीतर आत येणाऱ्या हवेचं वजन मोजणाऱ्या सेन्सरवरून. स्प्रिंगांना एकच आलेख काढता येत होता. इथे इंजिनियर प्रत्येक घरात त्या इंजिनाला खरोखर मानवणारा आकडा, डायनॅमोमीटरवर तासन्‌तास चाचण्या करून, भरतो.

त्या आकड्यावर मग दुरुस्त्या चढतात. पाण्याचं तापमान सांगणारा थर्मिस्टर म्हणतो इंजिन थंड आहे, अंश बदला. हवेच्या तापमानाचा सेन्सर म्हणतो जूनमधल्या जयपूरची हवा आत येतेय, दोन-तीन अंश मागे घ्या. सिग्नलला उभं असताना एसीचा कॉम्प्रेसर लागला आणि इंजिनाच्या फेऱ्या पडू लागल्या, तर हवा वाढवेपर्यंत ईसीयू ठिणगी थोडी पुढे करून इंजिन सावरतो. जयपूरहून माउंट अबूच्या १,२०० मीटर उंचीवर गेलात तर विरळ हवेत ज्योत मंदावते. दाबाचा सेन्सर ते सांगतो आणि तक्त्यातलं घर आपोआप बदलतं. पद्मिनीवाल्याला हेच करायचं तर घाटाच्या पायथ्याशी पाना काढून उतरावं लागलं असतं. अर्थात कोणी उतरत नसे. जो तो मध्यम टायमिंग ठेवून सगळीकडे थोडं थोडं नुकसान सोसत असे.

मग डिस्ट्रिब्युटरची गरजच काय? अनेक गाड्यांत क्रँकवर आता साठ दातांची चकती असते, तिचे दोन दात मुद्दाम गाळलेले. प्रत्येक दात म्हणजे सहा अंश आणि रिकामी जागा म्हणजे शून्याची खूण. सेन्सर त्या दातांपासून सुमारे एक मिलिमीटर दूर बसतो. समजा २२ अंश आधी ठिणगी हवी आहे. ईसीयू रिकाम्या जागेपासून दात मोजत येतो आणि दोन दातांच्या मधले उरलेले अंश शेवटच्या दाताला लागलेल्या वेळेवरून काढतो. ३,००० फेऱ्यांवर एका दाताला ३३३ मायक्रोसेकंद लागतात, तेव्हा दोन अंश म्हणजे १११. कॉइल भरायला तीन मिलिसेकंद हवेत म्हणून त्या ठिणगीच्या ५४ अंश आधी त्याने करंट सोडलेला असतो. बॅटरी अशक्त असेल तर त्याहून लवकर. कोनात अडकलेली कॉइल अशी वेळेत सुटली.

पण क्रँक दोन फेऱ्या मारतो आणि सिलिंडर एकदाच पेटतो, मग ही फेरी कॉम्प्रेशनची की धूर बाहेर टाकण्याची? ते कॅमशाफ्टवरचा दुसरा सेन्सर सांगतो. तो नसेल तर १ आणि ४ नंबरच्या प्लगांना एकाच कॉइलमधून एकत्र ठिणगी देतात. एक कामी येते आणि दुसरी धुरात वाया जाते, नुकसान काहीच नाही. कॅम सेन्सर असेल तर प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतःची पेन्सिल कॉइल बसते. टोपी, रोटर, पाच वायरी, सगळं संपलं.

मिस्त्रीच्या कानाची जागा मात्र सर्वांत शेवटी भरली गेली आणि ती भरायला खास युक्ती लागली. खडखड म्हणजे नॉकिंग: ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने स्वतःहून भडकतं आणि वायू सिलिंडरात घंटेसारखा थरथरतो. या थरथरीची वारंवारता साधारण ५ ते १५ किलोहर्ट्झ असते. इंजिन ब्लॉकवर बोल्टने घट्ट बसवलेला नॉक सेन्सर म्हणजे एक पिझो स्फटिक. तो हादरला की व्होल्टेज देतो. पण इंजिनात व्हॉल्व्हही आपटतात आणि इंजेक्टरही टकटकतात. म्हणून ईसीयू सतत कान लावून बसत नाही. प्रत्येक सिलिंडर पेटल्यानंतरच्या मोजक्या अंशांपुरताच तो ऐकतो. त्या खिडकीत आवाज आला तर कोणता सिलिंडर खडखडला हे आपोआप कळतं. त्याचीच ठिणगी दोन-तीन अंश मागे जाते आणि पुढच्या फेऱ्यांमध्ये थोडी थोडी करून परत पुढे येते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळल्याने ऑक्टेन वाढलं असेल तर असं इंजिन त्याचा फायदा उठवतं, हलकं पेट्रोल पडलं तर स्वतःला वाचवतं. सीएनजीचं गणित उलट आहे. ती सावकाश जळते आणि सहसा खडखडत नाही, म्हणून तिला पेट्रोलपेक्षा जास्त ॲडव्हान्स लागतो. कंपनीच्या सीएनजी गाडीत त्यासाठी वेगळा तक्ता असतो. बाहेरून किट बसवून टायमिंगकडे दुर्लक्ष केलं की ‘गॅसवर गाडी ओढत नाही’ ही तक्रार येते, त्यात दोष दरवेळी गॅसचा नसतो.

भारतात हा बदल हौसेने आला नाही, कायद्याने आला. १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बंधनकारक झाला. एखादी ठिणगी चुकली की न जळलेलं पेट्रोल थेट त्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो वितळतो, तेव्हा झिजणाऱ्या टाचेवर कन्व्हर्टरचा भरवसा ठेवणं शक्यच नव्हतं. २००० साली देशभर धुराचे पहिले युरो-धर्तीचे नियम आले, तेव्हा कार्ब्युरेटर गेले आणि मागच्या काचेवर ‘एमपीएफआय’ म्हणजे पेट्रोल इंजेक्शनची अक्षरं झळकू लागली. २०१० साली भारत स्टेज ४ तेरा शहरांत लागू झालं. त्यांत मुंबई, पुण्याबरोबर सोलापूर होतं, जयपूर नव्हतं. राजस्थानच्या राजधानीच्या आधी सोलापूर, ही नोंद मला उगाच आवडते. २०१७ पर्यंत सगळा देश त्यात आला आणि २०२० च्या एप्रिलपासून थेट भारत स्टेज ६.

डिझेलमध्ये ठिणगी नाही, तरी ‘किती अंश आधी’ हा प्रश्न आहेच, फक्त तो इंजेक्शनचा असतो. जयपूरच्या सीतापुरा औद्योगिक क्षेत्रातला बॉशचा कारखाना ज्या व्हीई पंपांसाठी ओळखला जातो, त्यांत एकच प्लंजर फिरत फिरत सगळ्या सिलिंडरांना डिझेल वाटतो, आणि वेगाबरोबर वाढणारा आतला दाब एक छोटा पिस्टन सरकवून इंजेक्शन पुढे नेतो. फेकल्या जाणाऱ्या वजनांचाच हा तेलातला भाऊ. नाशिककरांना याचं नवल वाटू नये. मायको सर्कल ज्या कारखान्यावरून ओळखलं जातं तोही डिझेलच्या इंजेक्शनच्याच सुट्या भागांचा. कॉमन रेलच्या नव्या डिझेल इंजिनांत हेही काम आता क्रँकच्या दातांवरून ईसीयू करतो.

नव्या व्यवस्थेची दुखणीही नवी आहेत. क्रँक सेन्सरच्या आतली तार किंवा सर्किट जुनं झालं की गरम झाल्यावर संकेत तुटतो. उन्हाळ्यात तासभर चाललेली गाडी अचानक बंद पडते, अर्ध्या तासाने काही न करता सुरू होते आणि गॅरेजात पोचेपर्यंत ठणठणीत असते. मालक पेट्रोल पंप बदलतो, प्लग बदलतो, बॅटरी बदलतो. अशा वेळी गाडी बंद पडताना टॅकोमीटरचा काटा बघावा. इंजिन अजून फिरत असताना काटा आधीच शून्यावर कोसळला, तर संशय क्रँक सेन्सरवर घ्यायला हरकत नाही. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या गाड्यांत हाच खेळ कॉइलचा करंट तोडणारं इग्निशन मॉड्यूल करत असे.

तोच सेन्सर आणखी एक पहारा देतो. सिलिंडर पेटला की क्रँक क्षणभर किंचित वेग घेतो, पेटला नाही तर रेंगाळतो. दातांमधला वेळ मोजणाऱ्या ईसीयूला कोणती ठिणगी फुकट गेली हे त्यावरून कळतं. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा नुसता पेटला असेल तर सवडीने गॅरेजात जा. पण गाडी धक्के देत असताना तो लुकलुकू लागला, तर ठिणग्या चुकताहेत आणि पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घेऊन बंद करा आणि घरापर्यंत रेटू नका. अशा वेळी बहुधा एक प्लग किंवा एक कॉइल बदलून भागतं. कन्व्हर्टर गेला तर तो त्याच्या कितीतरी पट महाग पडतो.